गळतीचं माप

तीन नंबरची क्रेन भार धरून राहत नाही.
लिव्हर मध्यावर, ऑपरेटर दोन्ही हात वर करून दाखवतो,
बघा, मी काही केलेलं नाही,
आणि ग्रॅब वीतभर खाली येतो, मग हातभर,
भजनाला बसल्या बसल्या म्हाताऱ्याची मान कलंडावी तसा.
कप्तानाला घाई. धक्क्याचं भाडं तासावर.
मी आणि इनास बार्रेतो सकाळी सहाला शिडी चढतो,
त्याच्या खांद्यावर चेन-ब्लॉक, माझ्याकडे चिंध्यांची पिशवी.
चिंध्या पांढऱ्याच लागतात,
रंगीत कपड्यावर धातूचा चुरा दिसत नाही.
हे त्यानंच शिकवलं पहिल्या आठवड्यात,
कानफटात न देता.

मोटर उतरवायची म्हणजे आधी दाब सोडायचा,
पाइप सुटे करून त्यांची तोंडं बांधायची
प्लास्टिकनं, दोऱ्यानं, तान्ह्या पोराच्या नाळेसारखी.
सड्यावरून वारा येतो, तांबडी धूळ घेऊन,
आणि एक कण पुरतो.
तीन माणसांच्या वजनाचं लोखंड
डोळ्याला न दिसणाऱ्या कणाला भितं.

दुपारी वाडेच्या शेडमध्ये उघडली.
चांदणीसारखे पाच पिस्टन, मधे क्रँक.
चौथ्याच्या सिलिंडरवर ओरखडा, नख अडकेल एवढा.
शाफ्टचं सील जुन्या चपलेसारखं कडक,
त्यातून झिरपून तेल गेलेलं ब्रेकच्या पट्ट्यांवर.
उत्तर मिळालं, असं मला वाटलं.
"राव रे," इनास म्हणाला, "बेरिंग काड पयलीं."

बेअरिंगमागे शिम असते.
मापात कापलेली पत्र्याची चकती, कागदासारखी.
ही बिअरच्या डब्यातून कापली होती.
कात्रीनं, घाईत, कडा दातेरी,
वर अजून अर्धा सिंह
आणि मला वाचता न येणाऱ्या लिपीतली चार अक्षरं.

मी शिवी दिली. खणखणीत, सगळ्या नातेवाइकांसकट.
इनास ती चकती उजेडाकडे धरून फिरवत राहिला.
मायक्रोमीटर लावला.
पुसून पुन्हा लावला.
"पळय," म्हणाला, "माप बराबर आसा."

कुठलं बंदर असेल. रात्र असेलच.
सामान यायला चार दिवस, कप्तान डोक्यावर उभा,
आणि कोणीतरी डबा रिकामा केला
(प्यायला, की नुसता ओतला?)
आणि कात्री शोधायला गेला.

मी पितळी शिम बसवली, रीतसर.
सिलिंडर होन केला, नवं सील बोटानं दाबत दाबत बसवलं.
सिंहाची चकती टूलबॉक्सच्या झाकणाला चिकटवली,
मोडक्या फीलर गेजशेजारी.
कोणी विचारलं तर काय सांगणार, ठरलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी चाचणी.
केस ड्रेनचा पाइप बादलीत, डोळा घड्याळावर.
नवा होतो तेव्हा मला वाटायचं, शून्य यायला हवं.
इनास तेव्हा इतका हसला की त्याला खोकला लागला.
थेंबभरही न सोडणारी मोटर कोरडी पडून मरते, बाबा.
आतल्या आत थोडं सुटू द्यावं लागतं,
त्याच तेलावर तिचे सांधे चालतात.
किती सुटतं, एवढंच बघायचं.

मिनिटाला दीड लिटर.
खडूनं बादलीवर रेघ मारली.

मग ग्रॅब भरून वर गेला, आणि थांबला.
इनासनं स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरच्या अंगाला टेकवलं,
मूठ चांगल्या कानाला,
डोळे मिटले.
मी बोलायला गेलो तर हात वर केला.
खाली धक्क्यावर, ग्रॅबच्या सावलीतून
एक कावळा चालत निघाला,
मधेच थांबून काहीतरी टिपलं,
घाई न करता पलीकडे गेला.